करवतकाठाची दोन पुडकी

एका साळ्यांच्या गावात गोजराबाई नावाची बाई राहत होती. गावात घरोघरी माग होता, घरोघरी सूत होतं, आणि घरोघरी कागद हरवत होते. गोजराबाईच्या घरात मात्र चाळीस वर्षांत एक चिठ्ठी हरवली नव्हती.

हा लौकिक तिला फुकट मिळाला नव्हता. नवरा होता तेव्हा पावत्या कुठेही पडायच्या. घरपट्टीची पावती आढ्याच्या वाशात, सुताची चिठ्ठी पागोट्याच्या घडीत. एकदा तांबटाकडे हंडा डागायला दिला. त्याने खुणेची चिठ्ठी दिली. नवऱ्याने त्या चिठ्ठीने चूल पेटवली. पुढच्या आठवड्यात तांबट म्हणाला, "कसला हंडा? कुणाचा हंडा?" गोजराबाईच्या माहेरचा हंडा होता तो. तिने दोन दिवस तोंडात अन्न घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी उठली, घरातला कागद न् कागद वेचला, आपल्या लाकडी पेटीत टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

पण तिला अक्षर येत नव्हतं. कागद सगळे सारखेच दिसत, पांढऱ्यावर मुंग्या चालल्यासारखे. मग तिने आपल्या डोक्याने एक युक्ती काढली. दिवाळी झाली की वर्षाचे कागद एकावर एक रचायचे आणि त्या वर्षी मागावर जो काठ विणला असेल, त्याच्या वीतभर पट्टीने पुडकं बांधायचं. तिला वर्ष आकड्याने आठवत नसे, काठाने आठवे. जांभळा रुईफुली काठ, म्हणजे शिवदास जन्मला ते वर्ष. पिवळा नारळी काठ, म्हणजे नदी पेठेत शिरली ते वर्ष. पट्टी पाहिली की ते वर्ष डोळ्यांपुढे उभं. कसर लागू नये म्हणून पेटीत कडुनिंबाचा पाला आणि वेखंडाचा खडा. अक्षर न येणाऱ्या बाईची ही युक्ती लहान नव्हती. शाळा शिकलेल्या बाप्यांना गावात ती सुचली नव्हती.

तिची चूक युक्तीत नव्हती. चूक ही की, ती तिने कुणाला सांगितली नाही.

घरच्यांना वाटे, आई उरल्यासुरल्या चिंध्यांनी पुडकी बांधते. कुणी विचारलं, "तुला कसं गं सापडतं?" तर ती म्हणे, "सापडतं. तुम्हाला काय करायचंय?"

होता होता गोजराबाई साठी ओलांडून गेली. आता ती दमली होती. सकाळी डोळा उघडण्याआधी हाक यायची, "आई, घरपट्टीची पावती!" तोंडात घास असताना सुनेची हाक यायची, "आत्याबाई, रंगाऱ्याची चिठ्ठी!" शेजारचे लोकही आपले कागद तिच्याकडे ठेवायला देत आणि भलत्या वेळी मागायला येत. गुडघे धरत उठायचं, पेटी ओढायची, कुलूप काढायचं, वाकायचं, शोधायचं, पुन्हा बांधायचं. "मी मेले म्हणजे कळेल तुम्हाला," ती म्हणायची. दिवसातून तीनदा म्हणायची. तिचं दमणं खोटं नव्हतं. पण कोंबडी अंड्यावर बसते तसं माणूस आपल्या दमण्यावरही बसतं, आणि कुणी हात पुढे केला की चोच मारतं.

तशी चोच तिने एकदा मारली होती. तिची सून द्वारका चौथी शिकलेली होती. दोन वर्षांमागे दिवाळीनंतर पुडक्यांना ऊन दाखवत होते, तेव्हा द्वारका एकेक कागद वाचत बसली. मग तिने जाड कागदाचे तुकडे कापले, त्यांवर वर्ष लिहिलं, आत काय काय आहे ते लिहिलं आणि दोऱ्याने पुडक्यांना बांधायला घेतलं. पाच पुडकी झाली असतील, तोच गोजराबाई आली.

"हे काय आरंभलंस?"

"नावं घालते, आत्याबाई. तुमचा त्रास वाचेल."

"माझा त्रास वाचवायला तू कोण? चाळीस वर्षं हे अक्षरावाचून चाललंय." तिने पाचही चिठ्ठ्या तोडल्या आणि चुलीत घातल्या.

 द्वारकेने पुन्हा पेटीला हात लावला नाही. लागला कागद की ती सरळ हाक मारी, "आत्याबाई!" त्या हाकेत राग ऐकू येत नसे. पण दुसरं काही असतं का, याचा विचार गोजराबाईने कधी केला नाही.

असं चाललं असताना दसऱ्याच्या तोंडावर घराला चुना द्यायचा होता. शिवदास म्हणाला, "आई, मी देतो." गोजराबाई म्हणाली, "तू भिंत रंगवतोस की भिंतीवर धिरडी घालतोस? आण इकडे." साठी उलटलेली बाई, चढली घडवंचीवर. कुंचला वर मारला आणि चुन्याचा फटकारा दोन्ही डोळ्यांत गेला. वैद्याने डोळे धुतले, औषध घातलं, दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली आणि बजावलं, "आठ दिवस ही सोडायची नाही. सोडलीत तर पुढे काठीच धरावी लागेल."

गोजराबाई भिंतीला टेकून बसली. आता घराला तिच्याशिवाय आणि तिला घराशिवाय कसं चालणार, असा प्रश्न होता.

तिसऱ्याच दिवशी म्हैस हरवली.

चंद्री तिचं नाव. काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा चांद, डावं शिंग वाकडं. बारा दिवसांचं रेडकू होतं तिच्या अंगाखाली. दावं झिजलं होतं. ते रोज तपासणाऱ्या गोजराबाईच्या डोळ्यांवर पट्टी होती आणि दुसऱ्या कुणाला ते तपासायची सवयच नव्हती. पहाटे चंद्री दावं तोडून गेली. शिवदासने नदीकाठ पालथा घातला, माळ पालथा घातला. म्हैस नाही.

इकडे रेडकू ओरडू लागलं. द्वारकेने शेजारच्या म्हशीखाली लावून पाहिलं, तिने लाथ झाडली. बोळ्याने दूध पाजलं, ते अर्धं सांडलं. दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला. ज्याला दिसत नाही त्याला ऐकू जास्त येतं. गोजराबाईला दिवसभर तेवढंच ऐकू येत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी गणबा रंगारी रंगवलेल्या सुताच्या लडी घेऊन आला. अंगणातूनच ओरडला, "शिवदास, अरे म्हैस सापडली तुझी! नदीपलीकडच्या गावात कुणाच्या तरी ज्वारीत शिरली होती. कोंडवाड्यात आहे."

"देव पावला," शिवदास म्हणाला आणि निघालाच.

"थांब थांब, असा पळू नकोस. आज तिसरा दिवस. दिवस मावळला की लिलाव. आणि पावती लागेल."

"दंडाची?"

"अरे, दंड भरशील, पण बाजाराची पावती लागेल, तू ती विकत घेतली त्याची. मागे एक जण आला, रडला, पाया पडला, जनावर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी खरा धनी दारात. तेव्हापासून तिथला कारकून पावती वाचून जनावराशी ताडून पाहतो. रंग, शिंग, खूण. जुळलं तर सोडतो, नाहीतर नाही."

शिवदासने आईकडे पाहिलं. आईने कमरेची किल्ली चाचपली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिची पाठ ताठ झाली.

"पेटी ओढ माझ्यापुढे," ती म्हणाली.

पेटी आली. कुलूप निघालं. वेखंडाचा वास घरभर झाला. द्वारका पुढे होऊन म्हणाली, "आत्याबाई, मी बघते. तुम्हाला दिसत नाही."

"बोटांना दिसतं," गोजराबाई म्हणाली. "साळ्याच्या घरी म्हातारी झाले मी. सूत डोळ्यांनी नाही ओळखावं लागत मला."

ते खरंच होतं. एकेक पुडकं ती हातात घेई, पट्टीवरून अंगठा फिरवी आणि बाजूला ठेवी. हा रुईफुली. हा नारळी. हा साधा, अंगठ्याला गुळगुळीत लागणारा. गणबा रंगारी तोंड उघडं टाकून पाहत होता. मग अंगठा करवतीच्या दातांवर आला. करवतकाठ. हात थांबला.

करवतकाठाच्या वर्षी म्हैस आणली. नक्की. तिला चंद्रीचा पहिला दिवस आठवला, ती गुळाचा खडा कसा ओढून घेऊन गेली ते आठवलं. तिने ते पुडकं मांडीवर घेतलं. सहज म्हणून पुढचं पुडकं चाचपलं, आणि त्यालाही करवतकाठ होता.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. पेठेतल्या व्यापाऱ्याने करवतकाठ दोनदा मागवला होता. एका वर्षी तांबडा, त्या वर्षी भुरी म्हैस आणली होती, ती पुढे म्हातारी होऊन मेली. आणि एका वर्षी हिरवा, त्या वर्षी चंद्री. सूत तेच, वीण तीच, दात तेवढेच. फरक फक्त रंगाचा. बोटाला रंग कळत नाही.

एक शब्द विचारायचा होता. "कुठलं हिरवं गं?" एवढंच. द्वारका हाताच्या अंतरावर उभी होती. शिवदास उभा होता. ते डोळस होते. पण विचारलं असतं तर द्वारकेला कळलं असतं की पट्टीला अर्थ आहे. एक अर्थ कळला की दुसरा विचारतील, दुसरा कळला की तिसरा, आणि मग पेटी उघडायला गोजराबाई कशाला हवी? शिवाय आत्ताच तर ती म्हणाली होती, बोटांना दिसतं. गणबाच्या देखत म्हणाली होती.

तिने दोन्ही पट्ट्या दोन हातांत घेतल्या. पिळून पाहिल्या. डावी जरा नरम वाटली. नरम म्हणजे जुनी. मग उजवी नवी. तिने उजवं पुडकं सोडलं, बाजाराचा जाड खरखरीत कागद बोटांनी शोधला आणि घडी घालून शिवदासच्या हातात दिला.

द्वारका म्हणाली, "द्या इकडे, एकदा वाचते."

"वाचायला ती काय पोथी आहे?" गोजराबाई म्हणाली. "त्याला जाऊ दे. ऊन चढतंय. शिवदास, मुठीत धर, वाटेत उघडू नकोस, घाम लागेल."

शिवदासला अक्षर येत नव्हतं. उघडून तरी त्याला काय कळणार! तो निघाला. गणबाही आपल्या वाटेने गेला.

घर शांत झालं. द्वारकेने सुताच्या कांड्या भरायला रहाट जवळ ओढला, मग पसारा पाहून उठली. "आत्याबाई, पुडकी आत ठेवू?"

"ठेव."

"आणि हे सोडलेलं तांबडं? तेही बांधून ठेवू?"

गोजराबाईने ऐकलं. तांबडं.

तिने तोंड उघडलं. शिवदास अजून वेशीपर्यंतही गेला नसेल. द्वारका तरणी होती, धावली असती तर नदीच्या अलीकडे त्याला गाठलं असतं. एक हाक मारायची होती. चाळीस वर्षं सगळ्या घराने तिला हाका मारल्या होत्या. एक तिने मारायची होती.

"बांधून ठेव," ती म्हणाली आणि तोंड मिटलं.

मग ती मनाशी म्हणत राहिली, कारकून कुठे इतकं वाचतोय. म्हैस ती म्हैस. पाहील कागद, पाहील शिक्का, देईल सोडून. असं ती स्वतःला पन्नासदा म्हणाली असेल. रेडकू मात्र एकदाच ओरडे, थांबे, पुन्हा एकदा ओरडे. आता त्याच्या गळ्यातून नुसती वारं घासल्यासारखी घरघर येत होती. रहाट फिरत होता.  गोजराबाईला वाटलं, आपण इतक्या कधीच दमलो नव्हतो. काम करून येणारा थकवा झोपेने जातो. हा थकवा बसून आला होता.

दुपार कलली तेव्हा शिवदासची पावलं वाजली. एकट्याची. खुरं नाहीत.

तो ओसरीवर बसला. पाणीही मागितलं नाही.

"काय झालं?" द्वारकेने विचारलं.

"पावती भुरीची होती," शिवदास म्हणाला. "रंग भुरा, शिंगं पसरट. कारकुनाने दहा लोकांत मोठ्याने वाचली. मग चंद्रीकडे बोट करून मला म्हणाला, 'ही तुला भुरी दिसते का रे?' चंद्री मला पाहून हंबरत होती. मी म्हणालो, 'माझीच आहे, मला ओळखतेय.' तर लोक हसले. म्हणाले, 'चोरालाही कुत्रं ओळखतं, भाकरी टाकली की.' " त्याने घामाने भिजलेली पावती खाली ठेवली. "चोर म्हणाले मला, आई."

गोजराबाईच्या पट्टीखाली डोळे चुन्याहून जास्त जळले.

"अंधारात हात चुकला असेल आत्याबाईंचा," द्वारका हळूच म्हणाली. "दिसत नाही त्यांना."

सुनेने झाकण घालून दिलं होतं. नुसतं हूं म्हटलं असतं तरी निभावलं असतं.  गोठ्यातून आवाज यायचा बंद झाला होता. ते ओरडण्याहून वाईट होतं.

"हात नाही चुकला," गोजराबाई म्हणाली. "मला सकाळीच कळलं होतं. तू तांबडं म्हणालीस तेव्हा. शिवदास वेशीवर असेल तेव्हा. मी बोलले नाही."

शिवदासने मान वर केली. द्वारकेचा हात रहाटावर थांबला. सुनेला खूप काही बोलता आलं असतं, आणि त्यातलं काहीच खोटं झालं नसतं.

"मग खरी कुठे आहे?" द्वारकेने एवढंच विचारलं.

"हिरवा करवतकाठ. प्रत्येक पट्टी म्हणजे एक वर्ष आहे गं. हिरव्या करवतीत चंद्री आहे. किल्ली घे. काढ. आणि वाच, माझ्यासमोर वाच, मोठ्याने वाच."

द्वारकेने पुडकं काढलं. कागद उलगडला. वाचलं, "म्हैस एक. रंग काळा. कपाळी पांढरा चांद. डावे शिंग वाकडे."  कागद तिने पदराच्या टोकात बांधला आणि उठली. "तुम्ही चला बरोबर," ती नवऱ्याला म्हणाली. "पण आता मी वाचून दाखवणार. कागद तुमच्या हातात देणार नाही."

"ऊन कुठवर आलंय?" गोजराबाईने विचारलं.

"तुळशीच्या पलीकडे गेलंय," शिवदास म्हणाला. "पळावं लागेल."

दोघं पळाली. पावलं वेशीकडे विरून गेली.

गोजराबाई एकटी राहिली. भिंत धरत, उंबरा चाचपत ती गोठ्यात गेली. चाळीस वर्षांची वाट, पण दोनदा ठेच लागली. रेडकू गवतावर आडवं पडलं होतं. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि आपलं बोट त्याच्या तोंडात दिलं. ते चोखू लागलं, दम नसल्यासारखं. त्यात काहीच नव्हतं, तरी चोखत होतं.

दिवस किती उरला हे तिला दिसत नव्हतं. तिने दुसरा हात गोठ्याच्या मावळतीच्या भिंतीवर ठेवला. भिंत ऊन होती. मग कोमट झाली. तिने हात वर सरकवला, तिथे अजून ऊब होती. मग तिथेही गेली. तिने पुरता हात वर ताणला, बोटं पोचतील तिथवर. सगळी भिंत गार होती.

दिवस मावळला होता.

तिने हात खाली घेतला. रडली नाही. रडायलाही कस लागतो. तिने रेडकाला सांगितलं, "मी केलं रे हे. म्हशीने नाही, दाव्याने नाही, कारकुनाने नाही. मी." असं तिने आयुष्यात पहिल्यांदा कुणाला सांगितलं होतं, आणि ज्याला सांगितलं त्याला ते कळत नव्हतं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. अचानक तिच्या मांडीवर रेडकाचा कान हलला. मग मान उचलली गेली. गोजराबाईला काहीच ऐकू आलं नव्हतं. मग ऐकू आलं. खुरं. चार खुरं आणि चार पावलं, आणि एक ओळखीचं लांबलचक हंबरणं.

"आत्याबाई!" द्वारका अंगणातून ओरडली. "आत्याबाई, आणली!"

बोली लागली होती. दुसरी हाक झाली होती, तिसरी व्हायची होती. द्वारका त्या गावच्या वेशीपासूनच पावती वाचत ओरडत गेली होती, "रंग काळा, कपाळी चांद, डावं शिंग वाकडं!" आणि लोक मागे वळून एकदा तिच्याकडे, एकदा म्हशीकडे पाहत होते. कारकुनाने कागद घेतला, ताडला, परत दिला. मग शिवदासला म्हणाला, "घरात वाचणारी असताना बिनवाचता कागद घेऊन आलास? मग तुला चोर नाही तर काय म्हणायचं?" 

रेडकाला उभं राहता येईना. दोघांनी उचलून कासेला लावलं. तीन दिवस न पिळलेली कास दगड झाली होती. चंद्री दुखण्याने थरथरली, पण तिने पाय उचलला नाही. मग गोठ्यात चुटूचुटू आवाज येऊ लागला. गोजराबाई तो ऐकत बसली. तीन दिवसांनी त्या घरात पहिल्यांदा निवांत वाटलं.

पण झालं ते सगळं भरून आलं नाही. चंद्रीचा एक सड कायमचा आटला. पुढे ती चार वेळा व्याली, पण त्या सडाला दूध आलं नाही. रोज धार काढताना द्वारका तीनच सड पिळी, आणि गोजराबाई जवळ असली तर दुसरीकडे बघे.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर गोजराबाईने किल्ली सुनेपुढे धरली. "घे. आता तू सांभाळ."

"नको, आत्याबाई."

"रागावलीस?"

"रागावले होते. दोन वर्षं रागावलेच होते," द्वारका म्हणाली. "पण किल्ली मला नको. उद्या मला ताप आला तर? मग माझ्या कमरेची किल्ली शोधत बसायचं? कुलूपच काढून टाकू."

गोजराबाईला हसू आलं. पट्टीखाली ते कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोघी पेटी घेऊन बसल्या. डोळ्यांवरची पट्टी सुटायला अजून दोन दिवस होते. द्वारका पट्टीचा रंग सांगे, काठ सांगे. गोजराबाई ते वर्ष सांगे. द्वारका आतले कागद मोठ्याने वाचे आणि जाड कागदावर लिहून पुडक्याला बांधे. चाळीस पुडकी होती. काम कंटाळवाणं होतं. वेखंडाच्या वासाने डोकं चढलं. दोनदा भांडण झालं, एकदा पुराच्या वर्षावरून आणि एकदा उगाच. गोजराबाई मध्येच म्हणे, "पुरे गं आता, जीव गेला." द्वारका म्हणे, "आणखी एक, आत्याबाई." मग आणखी एक होई.

आठव्या दिवशी वैद्याने पट्टी सोडली. उजेड सोसेना. हळूहळू डोळे स्थिरावले, तेव्हा गोजराबाईने पहिल्यांदा पेटी पाहिली. प्रत्येक पुडक्यावर चिठ्ठी होती, काळ्या मुंग्यांसारख्या अक्षरांची. आणि प्रत्येक चिठ्ठीखाली तिची जुनी पट्टी होती तशीच बांधलेली होती.

"ह्या कशाला ठेवल्यास? आता लिहिलंयस ना?"

"मला अक्षर येतं. ह्यांना कुठे येतं?" द्वारका शिवदासकडे बोट करून म्हणाली. "पण काठ तर ह्यांच्या घरच्या मागावरचेच आहेत. त्यांना काठावरून सापडेल, मला चिठ्ठीवरून."

 हिरव्या करवतीवर गोजराबाईने एकदा अंगठा फिरवला आणि पेटी मिटली. कुलूप नव्हतं.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी चावडीवरून माणूस आला. शिवदास आत येऊन नेहमीसारखा ओरडला, "आई, गेल्या सालची घरपट्टीची पावती!"

गोजराबाई भिंतीकडे तोंड करून आडवी झाली होती. उठली नाही.

"मला काय विचारतोस? गेल्या सालचा काठ कुठला विणलास?"

"निळा रुईफुली."

"मग बघ की."

पेटीचं झाकण वाजलं. पुडकं सुटलं. क्षणभर कागद सळसळले. "सापडली! हा चावडीचा शिक्का!" शिवदास म्हणाला. त्याच्या आवाजात नवल होतं.

गोजराबाईने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. तिला गाढ झोप लागली होती. चाळीस वर्षांत दुपारची ती पहिल्यांदाच झोपली होती.

तात्पर्य: जे जपलं ते फक्त आपल्यालाच सापडत असेल, तर ते घरासाठी हरवल्यातच जमा; खूण सांगून ठेवावी, म्हणजे वस्तूही राहते आणि जपणाऱ्यालाही विसावा मिळतो.